नुसत्या गोळ्यांवर

"गोळ्या घेतल्या का?" असं मी नवऱ्याला रोज दोन वेळा विचारत होते आणि तो "घेतल्या" म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. मीही विचारायला चुकत नव्हते. तरी त्या उन्हाळ्यात त्याच्या पायांची सूज चढत गेली, दम वाढत गेला. गोळ्यांनी भागत नाही असं ठरलं आणि त्याला दिलाच्या नसांत स्प्रिंग बसवायला नागपूरला पाठवायचा कागद तयार झाला. नवऱ्याला मी तोंडावर 'तुमी' म्हणत असे. इथे 'तो' लिहिते, वाचायला सोपं पडतं.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आम्ही तुमसरकडचे, शेतीवाले. तो विशीत पोलादाच्या प्लांटला लागला आणि कोक ओव्हनला गेला. तिथे कोळसा बंद भट्ट्यांत भाजतात. त्या भट्ट्यांच्या लांब रांगेला बॅटरी म्हणतात. बॅटरीच्या माथ्यावर काम करणाऱ्यांचे बूट लाकडी तळाचे असत, कारण त्या तापात रबर टिकत नाही. त्याचा शर्ट धुवायला घेतला की पाठीवर वाळल्या घामाचे पांढरे पट्टे दिसत. तीस वर्षं मी ते पट्टे धुतले.

नोकरी संपायला तीन-चार वर्षं उरली होती तेव्हा जिना चढताना त्याला दम लागायला लागला. आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. आधी तो एका दमात चढायचा, मग मधल्या वळणावर थांबायला लागला. थांबायचं कारण दिसू नये म्हणून तिथे उभा राहून बिडी पेटवायचा. मी एकदा म्हटलं, "बिडीसाठी थांबता का थांबण्यासाठी बिडी पेटवता?" पुढे उताणं झोपता येईना, तेव्हा हॉस्पिटलात गेला. बिडी तिथेच सुटली.

डॉक्टर दक्षिणेकडचे होते, तरुण. हिंदी बोलत. त्यांनी मशीनवर दिल पाहिलं आणि सांगितलं, "हार्ट फेल्युअर है." मुलगी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात शिकत होती. तिने बूथवरून गावी माझ्या थोरल्या दिरांना फोन लावला आणि "बाबांचं हार्ट फेल झालं" इतकं सांगेपर्यंत लाइन तुटली. आमच्याकडे हार्ट फेल म्हणजे माणूस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसेंजरने चार माणसं आली. जाऊबाई जिन्यावरूनच रडत चढली. दार नवऱ्यानेच उघडलं, बनियनवर.

"या," तो म्हणाला. "चाय घेता का आंघोळ करूनच बसता?"

दीर त्याच्याकडे पाहत राहिले. "तू जिता आहेस तं फोन कावून केला बाप्पा? शेतातलं काम सोडून आलो."

"मंग वापस जा. मेलो की पुन्हा बोलावतो."

जाऊबाई डोळे पुसून स्वयंपाकघरात आली आणि दोन दिवस राहिली. रडणं सुरू केलंच होतं, ते अधूनमधून चालू ठेवलं.

डॉक्टरांनी मला वेगळं समजावलं होतं. "फेल मतलब बंद नहीं, अम्मा. पंप कमजोर है. पूरा पानी नहीं फेंकता, तो पानी पीछे जमा होता है. पैर में, छाती में." मला ते कळलं. मी चौथी शिकलेली आहे, पण हातपंप पाहिलेला आहे.

फेब्रुवारीत नागपूरला नळी घालून फोटो काढला. दिलाच्या दोन नसा अरुंद झालेल्या निघाल्या. आता प्रश्न होता की त्या नसा उघडून आत स्प्रिंग बसवायची आणि गोळ्या घ्यायच्या, की नुसत्या गोळ्यांवर राहायचं. खर्च प्लांट करणार होता, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. अडचण वेगळीच होती. आमच्या खालच्या क्वार्टरमधल्या भाऊंना, भंडाऱ्याकडचे होते ते, एक वर्ष आधी स्प्रिंग बसली होती. नागपूरहून आल्यावर ते पिशवी हलवत सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत पायी जात आणि सगळ्यांना शर्टाचं बटण उघडून छाती दाखवत. छातीवर काही नव्हतं. नळी मांडीतून घातली होती. पण मांडी दाखवता येत नाही.

नवऱ्याने ते पाहिलं आणि मनात पक्कं केलं.

"लाइन चोक असली की पंपावर लोड येते," तो मला शिकवायचा. "लाइन मोकळी केली की पंप आपोआप चालते. याच्यात डॉक्टरले इचारासारखं काय आहे?"

डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलं, हिंदीत. वर विचारलं, "साहब, स्प्रिंग कौन से ग्रेड के स्टील की है?"

"मालूम नहीं. जंग नहीं लगता."

"मतलब हमारे यहाँ की नहीं है."

डॉक्टर हसले. मग म्हणाले की खालच्या भाऊंचं दुखणं वेगळं आहे. त्यांची छाती चालताना आवळून येत होती, ती नस उघडल्यावर थांबली. त्यांचा पंप चांगला होता. तुमची छाती दुखत नाही, तुम्हाला दम लागतो. तुमच्या पंपाचाच काही भाग कधीतरी मेलेला आहे, तुम्हाला कळलंही नाही. "जो मर गया, वो पाइप खोलने से नहीं उठेगा. जो सोया है, वो शायद उठे. कितना मरा, कितना सोया, मेरे को पूरा नहीं दिखता." कमजोर दिलाला टेबलावर धोका जास्त, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून आधी दोन-तीन महिने गोळ्या, मीठ बंद, पाणी मोजून आणि रोज सकाळी वजन. वजन वाढलं तर ते पाणी समजायचं. सुधारला तर ठीक, नाही तर नागपूर.

नवऱ्याने मान हलवली. घरी येताना म्हणाला, "हे पोट्टं डरते."

त्याला काय पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. आजारानंतर त्याला हलकं काम दिलं होतं. टूल स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून पाने आणि हातोडे द्यायचे आणि परत घ्यायचे. ज्यांना त्याने काम शिकवलं ती माणसं खिडकीशी येऊन "दादा, बाईस नंबर" म्हणत. रिटायर होण्याआधी पुन्हा बॅटरीवर चढायचं, निदान सहा महिने, हे त्याने धरून ठेवलं होतं. स्प्रिंग म्हणजे त्याच्या लेखी ओव्हरहॉल, मशीन खोलून नव्यासारखी करणं. मला तो घरात बसला तरी चालणार होता, श्वास घेत असला म्हणजे झालं. दोघांचं बोलणं जुळायचं नाही ते यामुळे.

मी मसाल्याचा डबा रिकामा करून त्यात गोळ्या ठेवल्या. हळदीच्या वाटीत लघवीची गोळी, तिखटाच्या वाटीत बारीक पांढरी, धण्याच्या वाटीत गुलाबी. इंग्रजी वाचता येत नाही, पण वाट्या वाचता येतात. वजनाचा काटा घरी कुठला असणार? सेक्टरच्या बाजारात पिठाची चक्की होती, तिथे पोती तोलायचा मोठा काटा होता. नवरा रोज सकाळी ड्यूटीवर जाताना त्याच्यावर उभा राहायचा, मी सोबत जायची. चक्कीवाला छत्तीसगढिया, मला विचारायचा, "बाबू ला मोटा पीसंव के बारीक?" आकडा मी दाराच्या मागे खडूने लिहायची.

मार्च-एप्रिल बरा गेला. वजन उतरलं, सूज उतरली. अळणी भाजी तो न बोलता खायचा, तेवढं श्रेय त्याला देते. मग मे लागला आणि दारामागचे आकडे वर चढायला लागले. आधी एक किलो, मग तीन, मग पाच. चपलेचा पट्टा बसेना. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या एकाच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. "नमक बिलकुल बंद है न, अम्मा?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मेरे हाथ से चिमटी भर नहीं जाता." ते खरं होतं. पापड आणि लोणचं मी शेजारी देऊन टाकलं होतं.

तेव्हा त्यांनीही हात टेकले. "दवा अकेली काम नहीं कर रही," म्हणाले, आणि नागपूरचा कागद लिहिला. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

नवरा त्या दिवशी खूश होता. मुलगीही खूश. तिचं बोलणं अर्ध्यातून हिंदीत जायचं, "आई, आता टेन्शन नको घेऊ, आजकल सब करवा रहे हैं." मला मात्र टेबलाची भीती वाटत होती. पण गोळ्या हरल्या असं समोर दिसत असताना भीती म्हणजे काही मुद्दा नाही.

तीन-चार दिवसांनी दुपारी कपडे धुवायला घेतले. त्याच्या ड्यूटीच्या पँटच्या खिशात कागदाची पुडी निघाली. आत पाच-सहा गोळ्या, मोठ्या, पांढऱ्या. माझ्या डब्यात त्या नव्हत्या. मला वाटलं, कुणा वैद्याकडून आणल्या असतील, सेक्टरात असे पुष्कळ होते. वर काही लिहिलेलं नव्हतं. मी एक जिभेवर ठेवली.

मीठ होतं. दुसरं काही नाही, नुसतं मीठ.

तो घरी आला, पाय धुतले, बसला. मी पुडी समोर ठेवली.

"हे काय आहे?"

"गोळ्या," तो म्हणाला. "फर्स्ट एडच्या."

"किती खाता?"

"चार. गरमी जास्त असली तं सहा."

"तुमाले मीठ बंद आहे ना?"

"जेवणातलं बंद आहे. हे मीठ थोडी आहे, हे गोळी आहे." माझ्या अकलेची कीव यावी तसं त्याने पाहिलं. "मे महिना चालू आहे. मीठ तुटलं की माणूस पडते. मी डोळ्यानं पाहिले पडलेले. तीस वर्षं या गोळीवर उभा राहिलो. आता तू जेवणातलंही तोडलं. हे बी सोडली असती तं केव्हाचा पडलो असतो."

बॅटरीवर उन्हाळ्यात प्रत्येकाला या गोळ्या देत, ते मला माहीत होतं. पण मी ती गोष्ट बॅटरीवरची समजत होते. टूल स्टोअरमध्ये पंख्याखाली बसलेला माणूसही त्या घेत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात मे आणि गोळी एकच होते. सूज वाढली, अंग जड झालं, तेव्हा त्याला वाटलं मीठ कमी पडतंय. म्हणून त्याने चाराच्या सहा केल्या. मी रोज विचारत होते, "गोळ्या घेतल्या का?" आणि तो सगळ्याच घेत होता.

"डॉक्टरले सांगावं लागते," मी म्हटलं.

"नाई सांगायचं."

"कावून?"

"तारीख कॅन्सल करीन तो. त्याले बहाणाच पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नागपूरहून आल्यावर सोडतो. तुही शपथ."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वादात तो जिंकायचा. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर गेल्यावर मी एकटी हॉस्पिटलात गेले, नंबर लावला आणि डॉक्टरांसमोर पुडी उघडली. त्यांनी गोळी उलटसुलट पाहिली. पेन ठेवलं. मग म्हणाले, "गलती मेरी भी है. मैंने खाने का पूछा. जेब का नहीं पूछा."

तारीख त्यांनी पुढे ढकलली. मीठ खरंच बंद करून दीड महिना गोळ्या द्यायच्या आणि मग बघायचं. "अब तक हमने दवा को देखा ही नहीं," ते म्हणाले.

नवरा माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही. पाणी हवं असलं तर मुलीला सांगायचा, "तुह्या आईले सांग." मी समोर उभी असे. खालच्या क्वार्टरमधल्या वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमी बाई हातचा चान्स घालवला. आमच्या यायले पाहा, कसे फिरून राहिले."

"त्यायची छाती दुखत होती. आमच्या यायची दुखत नाही."

"तुमी डॉक्टर झाल्या का आता?"

"नाई. पण आयकून घेतलं."

त्यांना राग आला, माझाही चढला होता. पण त्यांचं अगदीच चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मीठ सुटल्यावर सूज उतरायला लागली. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेलं. नवरा आणि चक्कीवाला दोघंही काट्याकडे वाकून पाहायला लागले. महिन्याने तो जिना एकदाच थांबून चढला. तो पडला नाही. मे संपला, जून अर्धा झाला, तो पडला नाही, हे त्याला सगळ्यात मोठं आश्चर्य होतं. त्याआधी, दहाव्या दिवशी अबोला सुटला तेव्हाही तो पहिलं हेच बोलला होता, "मीठ नाही तरी उभा आहो मी."

जूनच्या शेवटी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळ्या काम करतायत. नागपूर अजूनही करता येतं, कागद फाडलेला नाही. काही डॉक्टर म्हणतील उघडा, काही म्हणतील राहू द्या.

नवऱ्याने सरळ विचारलं, "साहब, करवा लिया तो बैटरी पर चढ़ूँगा?"

"नहीं कह सकता."

"और गोली पे?"

"बैटरी पर तो नहीं. पर सीढ़ी चढ़ोगे."

"स्प्रिंग से ज़्यादा जिएगा?" हे मी विचारलं. कुणीतरी विचारायलाच पाहिजे होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, दो आदमी एक जैसे हों, एक को लगाओ, एक को नहीं, ऐसा बहुत लोगों पर बरसों देखना पड़ता है. तब पता चलेगा. मेरे को आज नहीं पता."

डॉक्टरने 'मला माहीत नाही' म्हणावं आणि आपल्याला बरं वाटावं, असं माझ्या आयुष्यात त्या एकदाच झालं. नवऱ्याला मात्र बरं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "बॅटरी तं दोन्हीकडून गेली."

"हाव."

"मंग नागपूरले कायले जाऊ? टूल स्टोअरमध्ये बसाले?"

मी म्हटलं, "तुमाले जायचं असन तं मी संग येतो. मी नोको म्हणत नाही." आणि ते मनापासून म्हटलं. पुडी मी दाखवली होती, आता पुढचं मी ठरवलं तर तो उरलेलं आयुष्य माझ्या नावावर जगला असता. तो म्हणाला, नाही जात.

लोक अजून विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी आता हाच प्रश्न येतो. मी काय सांगणार? तो त्यानंतर सहा वर्षं जगला. खालचे भाऊ त्याच्या आधी गेले की नंतर, ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा लगेच निकाल लावतो, आणि दोन माणसांवरून निकाल लागत नाही. त्यांचा पंप वेगळा, याचा वेगळा. इतकंच सांगते की आम्ही 'नुसत्या गोळ्या' म्हणून ज्याला नावं ठेवत होतो, ते आम्ही मे महिनाभर केलेलंच नव्हतं. न केलेली गोष्ट हरली असं ठरवून तो नागपूरला निघाला होता.

जायचं नाही तर तसं लिहून द्यावं लागतं. हॉस्पिटलच्या ऑफिसात क्लार्कने कागद दिला. नवऱ्याने हिंदीत लिहिलं की मला सगळं समजावून सांगितलं आहे, मी माझ्या मर्जीने जात नाही. सही केली. क्लार्क म्हणाला, "घरवाली का भी साइन लगेगा."

नवऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला. "वाचून घे," म्हणाला. मी बोट ठेवत पूर्ण वाचला, क्लार्क वाट पाहत होता. मग सही केली. चौथीत शिकले ती सही, अक्षर अक्षर सुटं. ती करणं बरोबर होतं की नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं, आणि तो गेला त्या दिवशीही कळलं नाही.

बाहेर ऑटोवाले उभे होते. मी हात करणार, तर नवरा म्हणाला, "राहू दे. पायी जाऊ."

पायी गेलो. वाटेत तो तीन ठिकाणी थांबला. मी त्याच्यासोबत थांबले.